नाशिकमध्ये धंदा सुरू करायचाय? मदत कुठे मिळते आणि ती कोणत्या क्रमानं घ्यायची

माझं सातपूरला पाऊच आणि छापील खोक्यांचं लहानसं युनिट आहे. धंद्यात नव्यानं पडणारी माणसं माझ्याकडे फार लवकर येतात. स्वतःच्या नावाचं पाकीट हातात आलं की धंदा सुरू झाला असं वाटतं, आणि ते वाटणं मला समजतं. पण त्यातलं कोण दुसऱ्यांदा ऑर्डर द्यायला आलं आणि कोण परत दिसलंच नाही, हेही माझ्या बिलबुकात दिसतं. जे परत आले नाहीत त्यातल्या बहुतेकांचा माल चांगला होता. त्यांनी कर्ज आधी उचललं, मशीन मग घेतलं आणि गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी शोधलं.

मदत करणारी कार्यालयं, संस्था, योजना नाशिकमध्ये भरपूर आहेत. त्यांच्याकडे कधी आणि काय घेऊन जायचं, ते मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गेल्या दिवाळीआधी पेठ रोडकडच्या एक ताई स्टीलच्या डब्यात नागलीची बिस्किटं घेऊन आल्या. बिस्किट खुसखुशीत, गुळाचा गोडवा बेताचा. त्या म्हणाल्या, "दादा, पाच हजार पाऊच छापायचेत. आणि सबसिडी कुठल्या योजनेतून मिळेल तेही सांगा."

मी विचारलं, "ताई, आत्तापर्यंत विकली किती?"

"विकली नाहीत अजून. पण ज्यांना दिली त्या सगळ्यांना आवडली."

पाच हजार पाऊचची ऑर्डर मी त्या दिवशी घेतली नाही. पुढचं सगळं त्यांच्याच उदाहरणावरून सांगतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

पहिली पन्नास पाकिटं

फुकट दिलेल्या वस्तूला कुणी नावं ठेवत नाही. म्हणून पहिली पन्नास पाकिटं पैसे घेऊन विकायची, तीही ओळखीबाहेरच्या माणसांना. छापील पाऊच नको. साधं पाऊच आणि त्यावर स्टिकर पुरतं. स्टिकर शंभर-दोनशेसुद्धा छापून मिळतात. चव, वजन, किंमत, नाव यातलं काहीतरी पहिल्या दोन महिन्यांत बदलतंच, आणि मग हजारो छापील पाऊच पोत्यात पडून राहतात. माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन हे सांगतोय, कारण ती पोती मी लोकांच्या घरी पाहिली आहेत.

खाण्याची वस्तू असेल तर पहिलं पाकीट विकण्याआधी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी करा. लहान उलाढालीला साधी नोंदणी चालते, तिची फी वर्षाला 100 रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. स्टिकरवर वस्तूचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि नोंदणी क्रमांक हवा. काटा वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडून प्रमाणित करून घ्या. 200 ग्रॅमच्या पाकिटात 190 भरली तर दंड होतो. शिवाय गिऱ्हाईक घरी वजन करून बघतं.

विकायचं कुठे? मी ताईंना तीन ठिकाणं सुचवली: गोदाकाठचा बुधवारचा बाजार, गंगापूर रोडवरची दोन किराणा दुकानं आणि एका शाळेबाहेरचं स्टेशनरीचं दुकान. तिन्हीकडचं गिऱ्हाईक वेगळं. बुधवारच्या बाजारात लोकांनी 60 रुपये ऐकून पाकीट खाली ठेवलं. गंगापूर रोडला किंमत कुणी विचारली नाही, पण "मैदा आहे का?" असं चौघांनी विचारलं. शाळेबाहेर पोरांना दहा रुपयांचं पाकीट हवं होतं. पन्नास पाकिटांत एवढं कळलं. हे कुठलाही वर्ग शिकवू शकत नाही.

याच काळात पाच पाकिटं कपाटात बाजूला ठेवा आणि दर आठवड्याला एक उघडून खा. नागलीच्या पिठाला खवट वास कधी येतो, ते तुमच्या जिभेला आधी कळू द्या. नंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून टिकवणक्षमता तपासून घ्या.

एका पाकिटाचा हिशेब

ताईंचा हिशेब सोपा होता. कच्चा माल 27 रुपये, पाऊच आणि स्टिकर 6 रुपये, झाले 33. विक्री 60 ला. म्हणजे पाकिटामागे 27 रुपये सुटले.

आम्ही वहीचं नवीन पान काढलं. गॅस आणि वीज 3 रुपये. मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी एका पाकिटावर 8 रुपये. ट्रेमध्ये तुटणारी, करपणारी बिस्किटं धरून 2 रुपये. खरा खर्च झाला 46. आता दुकानदाराचं मार्जिन: तो छापील किमतीवर 25 टक्के मागतो, म्हणजे 60 वर 15 रुपये. ताईंच्या हातात येणार 45. प्रत्येक पाकिटामागे एक रुपया तोटा, आणि यात त्यांच्या स्वतःच्या मेहनतीचा एक पैसाही धरलेला नाही. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत बसल्या.

छापील किंमत 80 केली तर दुकानदाराचे 20 जाऊन 60 हातात येतात आणि पाकिटामागे 14 रुपये उरतात. पण हे 14 रुपये अजून नफा नाहीत. त्यातून महिन्याचा ठरलेला खर्च निघायला हवा. समजा जागेचं भाडं 9,000, पावणेपाच लाखांच्या कर्जाचा 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे 10,300, स्वतःचा पगार 15,000, फोन-पेट्रोल-किरकोळ 3,000. एकूण 37,300. याला 14 नं भागलं की महिन्याला 2,665 पाकिटं येतात. 26 दिवस धरले तर रोज 103. त्याहून कमी विकली तर पगार तरी बुडेल नाहीतर हप्ता.

आता उधारीचं बघा. दुकानदार 45 दिवसांनी पैसे देणार असेल तर दीड महिन्याची विक्री, म्हणजे जवळपास 2 लाख 40 हजार रुपये, कायम बाजारात अडकलेले राहतील. त्यातले 1 लाख 84 हजार तर तुमच्या खिशातून आधीच गेलेले असतील. मशीनला कर्ज मागताना माणसं हे खेळतं भांडवल विसरतात. नवे धंदे बंद पडताना मी जवळून पाहिले ते बहुतेक इथेच अडकले: ऑर्डर हातात, पीठ आणायला पैसे नाहीत.

हे एक पान तयार होईपर्यंत कुठल्याही कार्यालयात जाऊ नका. तयार झालं की मात्र ते घेऊन सगळीकडे जा. समोरचा अधिकारी, प्रशिक्षक, बँक मॅनेजर तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेनं बोलायला लागतो.

प्रशिक्षण कुठे घ्यायचं

सुरुवात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रापासून करा. सगळे त्याला एमसीईडी म्हणतात. 1988 मध्ये सुरू झालेली ही राज्य सरकारची संस्था, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, कार्यालय नाशिकमध्येही. त्यांचे एक दिवसाचे परिचय कार्यक्रम असतात आणि पुढे दोन-तीन आठवड्यांचे उद्योजकता विकासाचे वर्गही. उत्पादन कसं निवडायचं, बाजारपेठ पाहणी, प्रकल्प अहवाल, कर, बँक व्यवहार असं सगळं त्यात येतं. समाजघटकांनुसार सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांतर्फेही असे वर्ग होतात. त्यात शुल्क नसतं किंवा नाममात्र असतं.

तुम्ही गावाकडचे असाल, म्हणजे पेठ, सुरगाणा, दिंडोरी, निफाड, येवला, कुठलेही, तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बघा. ही कल्पना मूळ कर्नाटकातल्या उजिरे गावची, 1982 सालची. ती चांगली चालली म्हणून पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी अशा संस्था काढल्या. शिकणं, राहणं, जेवण, सगळं मोफत. शिवणकाम, शेळीपालन, मोबाइल दुरुस्ती, पापड-मसाले असे आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंतचे वर्ग असतात. मला त्यातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती पुढची: वर्ग संपल्यावर दोन वर्षं ते पाठपुरावा करतात आणि संस्था बँकेचीच असल्यानं कर्जाच्या दाराशी तुमची ओळख आधीच झालेली असते. माझ्या मते नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यातल्या मुला-मुलींसाठी याहून चांगली सुरुवात नाही, आणि तरीही कितीतरी जणांना तिचं नावही माहीत नसतं.

शेतमाल प्रक्रियेत उतरणाऱ्यांनी कृषी विज्ञान केंद्र चुकवू नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं केंद्र गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. टोमॅटो, कांदा, द्राक्षं, नागली या आपल्या जिल्ह्याच्या पिकांवर काय काय होऊ शकतं, ते तिथं हातानं करून बघता येतं. बचत गटातल्या महिलांसाठी उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आहेत. त्यांच्या प्रदर्शनांत स्टॉल मिळतो आणि पहिली घाऊक गिऱ्हाइकं बऱ्याचदा तिथंच भेटतात.

लेथ, व्हीएमसी, शीट मेटल, प्लास्टिक मोल्डिंग अशा कामात पडणाऱ्यांनी सातपूरच्या निमाची आणि अंबडच्या आयमाची दारं ठोठवावीत. या उद्योजकांच्या संघटना. त्यांच्या कार्यक्रमांत भाषणापेक्षा चहाची वेळ महत्त्वाची: कोणाकडे जास्तीचं जॉबवर्क आहे, कोण गाळा सोडतंय, कोणता कारखाना नवा पुरवठादार शोधतोय, हे तिथं कळतं. अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे. तपासणी आणि महागड्या मशीनवरचं काम तिथं पैसे भरून करून घेता येतं, म्हणजे पहिल्याच वर्षी ते मशीन स्वतः घ्यायची गरज राहत नाही. सॉफ्टवेअर, आरोग्य, शेतीतंत्र अशा नव्या कल्पना असतील तर टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर नाशिकमध्येच आहे. 2015 च्या कुंभमेळ्याच्या निमित्तानं झालेल्या कुंभथॉनमधून ते पुढे आलं.

वर्गात बसण्याची एक पद्धत सांगतो. आपलं ते हिशेबाचं पान रोज सोबत न्या आणि रोज त्यातला एक आकडा प्रशिक्षकाला दाखवून पक्का करून घ्या. शेजारी बसलेला कोण आहे ते विचारा; तुमचा उद्याचा खोकेवाला, ट्रान्सपोर्टवाला, कधी कधी भागीदार तोच असतो. आणि वर्ग संपला की तुमच्यासारखाच माल बनवणारं चालू युनिट दुसऱ्या जिल्ह्यात शोधून दोन दिवस तिथं उभे राहा. त्याच गावातला माणूस स्पर्धक म्हणून दाखवायला कचरतो. जळगाव-धुळ्याचा माणूस चहा पाजून सगळं दाखवतो. ताई असंच धुळ्याकडचं एक बेकरी युनिट बघून आल्या. ज्या ओव्हनचं कोटेशन त्या घेऊन बसल्या होत्या, त्याच्या निम्म्या आकाराचा ओव्हन पुरतो, हे त्यांना तिथं कळलं.

प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे अनुदानाच्या फाइलला ते लागतं.

कागद

यात फार वेळ घालवायचा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पूर्ण मोफत. 1 जुलै 2020 पासून हीच पद्धत आहे. सरकारी वाटाव्यात अशा खासगी वेबसाइट यासाठी हजार-दोन हजार घेतात. त्यांना पैसे देऊ नका. दुकान किंवा गाळ्यात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटी वस्तूंसाठी वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवांसाठी 20 लाखांपर्यंत बंधनकारक नाही. पण राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर तो घ्यावाच लागतो, आणि कारखान्यांना पुरवठा करणार असाल तर आधीच घ्यावा, कारण जीएसटी नंबर नसलेल्याला मोठा कारखाना पुरवठादार म्हणून घेतच नाही. धंद्याच्या नावानं चालू खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालला की सहा महिन्यांनी बँकेला दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

कर्ज आणि अनुदान: इथं क्रम चुकला की पैसे जातात

जिल्हा उद्योग केंद्र सातपूर रोडला आयटीआय सिग्नलजवळ उद्योग भवनात आहे. दोन मुख्य योजनांची माहिती तिथं मिळते: केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, 2008 पासूनचा, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, 2019 पासूनचा. दोन्हीत अनुदान प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के. शहरात सर्वसाधारण गटाला 15, ग्रामीण भागात 25. महिला, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटाला शहरात 25, ग्रामीण भागात 35. स्वतःचे पैसे सर्वसाधारण गटानं 10 टक्के, विशेष गटानं 5 टक्के घालायचे. दोन्ही योजनांना वार्षिक उद्दिष्ट असतं, म्हणून अर्जाआधी केंद्रात जाऊन यंदा योजना सुरू आहे का आणि उद्दिष्ट किती उरलंय ते विचारा. आर्थिक वर्षाच्या शेवटी धावपळ करण्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच अर्ज करा.

ताईंचा प्रकल्प 5 लाखांचा. शहर हद्द, महिला अर्जदार. स्वतःचे 25,000, बँकेचे 4,75,000, अनुदान 1,25,000. हे सव्वा लाख ताईंच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं ठेवीसारखे बाजूला राहतात, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि युनिट चालू असल्याची पाहणी झाली की कर्जात वळते होतात. म्हणजे पहिली तीन वर्षं हप्ता तुमच्याच कमाईतून भरायचा आहे. अनुदान मिळेल म्हणून धंदा करणारे इथं फसतात. तुमचा हिशेब अनुदानाशिवाय बसत नसेल तर तो अनुदानानंही बसणार नाही.

आता क्रमाच्या तीन गोष्टी. या मी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावायला तयार आहे.

पहिली: पीएमईजीपी फक्त नव्या युनिटला मिळतं. दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेऊन चालू केलेला धंदा त्यात बसत नाही. म्हणून घाईनं आधी मुद्रा कर्ज उचलू नका. कोणती वाट घ्यायची ते ठरवा आणि मग सही करा. पन्नास पाकिटांची चाचणी घरच्या पैशानं करा म्हणतो ते यासाठीही.

दुसरी: अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परताव्याला आधी ऑनलाइन पात्रता प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मग बँकेचं कर्ज. वैयक्तिक योजनेत 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेचार लाखांपर्यंत व्याज परत मिळतं, पण हप्ते वेळेवर भरले तरच. कर्ज आधी घेऊन नंतर प्रमाणपत्र मागायला गेलेली माणसं मी रिकाम्या हातानं परत येताना पाहिलीत. महात्मा फुले, वसंतराव नाईक, अण्णाभाऊ साठे या महामंडळांकडेही कर्ज घेण्याआधीच चौकशी करा. आदिवासी तरुणांसाठीच्या शबरी वित्त व विकास महामंडळाचं तर मुख्यालयच नाशिकमध्ये आहे. पेठ-सुरगाण्याच्या मुलांनी मुंबईकडे बघायची गरज नाही.

तिसरी: बँकेची मंजुरी हातात येण्याआधी मशीनला ॲडव्हान्स देऊ नका. आणि मशीनच्या आधी वीज बघा. माझ्या पहिल्या मशीनच्या वेळी मी हे केलं नाही. कोटेशनवर 15 हॉर्सपॉवर लिहिलेलं होतं, गाळ्याचा मंजूर भार त्याच्या जवळपासही नव्हता. पुरवठादारानं "वीज तुमची" एवढं सांगून मशीन उतरवलं. भार वाढवून मिळेपर्यंत ते चार महिने ताडपत्रीखाली उभं होतं आणि त्यातले दोन हप्ते मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून भरले. आजही कुणी मशीनचं कोटेशन दाखवलं की मी आधी वीजबिल मागतो.

योजनेत न बसणाऱ्यांसाठी मुद्रा आहे: शिशु 50,000 पर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत. तारण लागत नाही. खाद्यप्रक्रियेला पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेतून 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान असतं; ती यंदा सुरू आहे का ते आधी विचारा. ती कृषी विभागातर्फे चालते. तिच्यासाठी नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करायला मदत करते आणि तिचं मानधन सरकार देतं, अर्जदाराकडून घ्यायचं नसतं. अनुदानाच्या दहा टक्के मागणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा.

बँकेत जाताना

जाण्याआधी स्वतःचा सिबिल अहवाल काढा. वर्षातून एकदा मोफत मिळतो. मोबाइलचा राहिलेला हप्ता, जामीन राहिलेल्या मित्राचं थकलेलं कर्ज, सगळं तिथं दिसतं. ते मिटवून मगच फाइल द्या.

प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून करून घेतला तरी त्यातला प्रत्येक आकडा तुम्हाला तोंडपाठ हवा. मॅनेजर साहेब बहुधा तीनच गोष्टी विचारतात: माल कोण घेणार, हप्ता कशातून जाणार, विक्री निम्मी झाली तर काय. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून ताईंनी चार दुकानांच्या सह्या असलेली डिलिव्हरी चलनं टेबलावर ठेवली. 47 पाकिटांचीच होती ती, पण खरी होती. दुसऱ्याला त्यांचं हिशेबाचं पान होतं. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "साहेब, निम्मी झाली तर मी पगार घेणार नाही आणि मदतनीस अर्धा दिवस. हप्ता तरी जाईल." हे उत्तर त्यांनी आदल्या दिवशी आकडे मांडून तयार केलं होतं.

मशीनबरोबर खेळत्या भांडवलाची मर्यादाही त्याच फाइलमध्ये मागा. अंदाजे वार्षिक विक्रीच्या 20 टक्क्यांच्या हिशेबानं बँका ती धरतात. सूक्ष्म उद्योगाच्या 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे (1 एप्रिल 2026 आधी ही मर्यादा 10 लाख होती). कर्ज बुडालं तर बँकेला पत हमी निधीचं संरक्षण असतं. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा, आवाज न चढवता. ते कारण दुरुस्त करता येतं, किंवा ते घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात आणि अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणाऱ्या बँकेच्या, कार्यालयात जाता येतं.

कारखान्यांना पुरवठा करणाऱ्यांसाठी

अंबड-सातपूर-सिन्नरच्या जॉबवर्कवाल्यांचं दुखणं एकच: काम होतं, पैसे येत नाहीत. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं खरेदीदाराला करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसला तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. याचा फायदा मिळायचा तर उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी. खरेदी ऑर्डर (पीओ), चलन आणि माल मिळाल्याची सही प्रत्येक वेळी घ्या आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जायचा मार्ग आहेच, पण बहुतेक वेळा कायद्याचा उल्लेख असलेलं एक नम्र पत्र पुरतं. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही.

सिंहस्थाबद्दल थोडं

2027 च्या सिंहस्थावर डोळा ठेवून सध्या नाशिकमध्ये बरेच जण हॉटेल, पूजासाहित्य, पाण्याच्या बाटल्या, गाड्या यात उतरायचं म्हणतात. गर्दी होईल, विक्रीही होईल. पण पाच वर्षांचा हप्ता काही महिन्यांच्या गर्दीवर उभा करू नका. सिंहस्थाची कमाई हिशेबात शून्य धरा. तरीही हप्ता निघत असेल तर खुशाल उतरा. त्या काळापुरतं लागणारं सामान भाड्यानं घ्या.

सुरू झाल्यावर

पहिलं वर्षभर रोज रात्री दहा मिनिटं वही: आज किती बनलं, किती विकलं, किती उधार, किती परत आलं. परत आलेल्या पाकिटांचा रकाना वेगळा ठेवा. धंद्याचा आजार तिथं सगळ्यात आधी दिसतो. महिन्यातून एकदा ती वही घेऊन तुमच्या प्रशिक्षकाकडे किंवा संघटनेतल्या एखाद्या जुन्या माणसाकडे जा. प्रशिक्षण संस्था पाठपुरावा करतात म्हणतात तो असा आपण होऊन घ्यावा लागतो.

ताई परवा येऊन गेल्या. बँकेची मंजुरी झालीय, एमसीईडीचा वर्ग पुढच्या सोमवारपासून. किंमत 80 ठेवली, "मैदा नाही" हे स्टिकरवर ठळक घेतलं, आणि पोरांसाठी दहा रुपयांचं छोटं पाकीट काढायचं की नाही यावर अजून त्यांचं ठरत नाहीये. वहीत गेल्या आठवड्याची सरासरी रोज 61 पाकिटांची होती. 103 ला अजून बरंच अंतर आहे. या वेळी त्यांनी हजार स्टिकर नेले.